अँटिव्हायरसच संगणक बिघडवत असेल तर: वारंवार येणाऱ्या बिघाडाचे निदान आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. विंडोजचा संगणक काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होता. आज सकाळी तो सुरू व्हायलाच भरपूर वेळ घेतो, हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडू पाहिल्यास फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो, किंवा निळा पडदा दाखवून तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि पुन्हा त्याच पडद्यावर येऊन थांबतो. दुरुस्ती करणारा येतो, सॉफ्टवेअर नव्याने टाकतो, संगणक चालू लागतो आणि काही दिवसांनी तेच दुखणे परत उद्भवते. दरम्यान व्हायरस, हार्ड डिस्क, रॅम, विजेचा कमी-जास्त दाब अशा सर्वांवर संशय घेऊन झालेला असतो. संशय येत नाही तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दाखवत बसलेल्या अँटिव्हायरसवर, कारण त्याला आपण दरवर्षी पैसे मोजून राखणीला ठेवलेले असते.

त्याच्यावर संशय घेणे का रास्त आहे, हे समजण्यासाठी तो संगणकात नेमका कुठे बसतो ते पाहावे लागते. विंडोजमध्ये फाइल उघडण्याची प्रत्येक विनंती डिस्कपर्यंत पोहोचण्याआधी फिल्टर ड्रायव्हरच्या थरांतून जाते. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर या थरांत बसून विनंती रोखून धरतो, फाइल तपासतो आणि मगच पुढे जाऊ देतो. हा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो. साधा प्रोग्राम चुकला तर तेवढा प्रोग्राम बंद पडतो, परंतु कर्नेलमधील ड्रायव्हरने स्मृतीच्या भलत्याच जागी हात घातला, तर पुढील नुकसान टाळण्यासाठी विंडोज संपूर्ण यंत्रच थांबवते आणि आपल्याला निळा (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत काळा) पडदा दिसतो. त्यातच अँटिव्हायरसला कोणतीही फाइल हलवण्याचा वा पुसण्याचा अधिकार असतो आणि त्याच्या डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणा, दिवसातून अनेकदा बदलत असतात. संगणकात सर्वांत जास्त अधिकार असलेला आणि सर्वांत जास्त वेळा, तेही आपल्याला न विचारता बदलणारा घटक हाच आहे. त्यामुळे कालपर्यंत ठीक असलेला संगणक आज अचानक बिघडला, तर काल आणि आज यांमध्ये बदललेली गोष्ट म्हणून त्याचे नाव पहिल्या काही संशयितांत असायलाच हवे.

कुंपणाने शेत खाल्ल्याची उदाहरणे मोठमोठ्या कंपन्यांच्या खाती जमा आहेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या डेफिनिशन फाइलने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही खुद्द विंडोजची फाइल व्हायरस ठरवली. विंडोजच्या अनेक सेवा याच फाइलच्या आधाराने चालतात. ती गेल्यावर संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होऊ लागले आणि त्यांचे नेटवर्कही बंद पडले. चूक दुरुस्त करणारी डेफिनिशन लवकरच निघाली, परंतु नेटवर्क नसलेल्या यंत्रापर्यंत ती पोहोचणार कशी? तंत्रज्ञांना प्रत्येक संगणकापाशी जाऊन ती हाताने बसवावी लागली.

१९ जुलै २०२४ रोजी हेच संकट कितीतरी मोठ्या प्रमाणावर आले. क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन या कार्यालयीन सुरक्षा-प्रणालीसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी २९१ क्रमांकाची एक छोटी चॅनल फाइल पाठवण्यात आली. फाइल वाचणारा भाग २१ मूल्यांची अपेक्षा करत होता आणि त्याला प्रत्यक्षात २० मूल्येच मिळत होती. एकविसावे शोधताना ड्रायव्हर स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी तोपर्यंत ती मिळालेल्या यंत्रांचा निळा पडदा काही हटला नाही. भारतात विमान कंपन्यांना प्रवाशांचे बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले, ते याच दिवशी. योगायोग असा की त्या वेळी क्राउडस्ट्राइकचे प्रमुख असलेले जॉर्ज कुर्ट्झ २०१० मध्ये मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते.

मार्च २०१५ मध्ये तर पांडाच्या अँटिव्हायरसने स्वतःच्याच फाइल व्हायरस ठरवून बंदिस्त केल्या आणि कंपनीला ग्राहकांना संगणक रीस्टार्ट करू नका असे कळवावे लागले. ही सूचना घरगुती वापरकर्त्यानेही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अँटिव्हायरसने एकाएकी धोक्याच्या सूचनांचा भडिमार सुरू केला, विशेषतः ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमधील किंवा वर्षानुवर्षे वापरात असलेल्या प्रोग्रामच्या फाइल तो एकामागोमाग दाखवू लागला, तर ‘सर्व काढून टाका’ हे बटण दाबू नये आणि रीस्टार्टही करू नये. चालू असलेल्या विंडोजमध्ये पुष्कळ गोष्टी आधीच स्मृतीत चढलेल्या असतात, त्यामुळे फाइल गेल्या तरी संगणक काही काळ तग धरतो. त्या अवधीत क्वारंटाइनमधील, म्हणजे अँटिव्हायरसने बंदिस्त करून ठेवलेल्या, फाइल परत आणता येतात, जे रीस्टार्टनंतर बऱ्याचदा जमत नाही. मात्र फाइलचे एक्स्टेन्शन, म्हणजे नावातील टिंबानंतरची अक्षरे, बदलत चालले असेल किंवा खंडणी मागणारा मजकूर दिसत असेल, तर तो खरा हल्ला आहे. तेथे इंटरनेटची वायर आधी काढावी. पुढील विवेचन त्या परिस्थितीसाठी नाही.

निदान

विंडोज १० आणि ११ मध्ये रिलायबिलिटी हिस्टरी नावाचे साधन आहे आणि फारच थोडे लोक ते उघडतात, याचे मला नेहमी नवल वाटते. स्टार्ट मेन्यूत हे नाव शोधले की दिवसागणिक आलेख दिसतो. कोणत्या दिवशी काय बसवले गेले, काय बंद पडले आणि विंडोज केव्हा अनपेक्षितपणे थांबली याच्या नोंदी त्याखाली असतात. त्यातील बिघाडांच्या तारखा आणि वेळा कागदावर उतरवून घ्याव्यात. मग अँटिव्हायरसच्या खिडकीत जाऊन अपडेटचा इतिहास आणि क्वारंटाइनची यादी उघडून तेथील वेळा शेजारी मांडाव्यात. एखादा मेळ योगायोगाने जुळू शकतो. तोच मेळ दोन-तीनदा जुळला तर शोध योग्य दिशेने चालला आहे असे मानायला हरकत नाही. विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस वापरात असेल तर हीच माहिती विंडोज सिक्युरिटीमधील प्रोटेक्शन हिस्टरीत मिळते.

यानंतर संगणकात नेमके किती राखणदार आहेत ते मोजावे. नवा लॅपटॉप घेताना उत्पादकाने एखाद्या अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती आधीच घालून दिलेली असते, दुकानदार स्वतःच्या पसंतीचा दुसरा घालून देतो आणि पहिला कोणी काढत नाही. दोघेही फाइल उघडण्याची प्रत्येक विनंती अडवतात. एकाने तपासण्यासाठी उघडलेली फाइल दुसरा तपासायला घेतो आणि संगणक गुदमरतो. हे तपासण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे आणि एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबावे. समोर येणाऱ्या यादीत प्रत्येक फिल्टर ड्रायव्हरपुढे अल्टिट्यूड नावाचा एक क्रमांक असतो. अँटिव्हायरससाठी मायक्रोसॉफ्टने ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पल्ला राखून ठेवला आहे. डिफेंडरच्या ‘डब्ल्यूडीफिल्टर’चा क्रमांक ३,२८,०१० आहे. या पल्ल्यात डिफेंडरखेरीज दोन निरनिराळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर दिसले, किंवा आपण मागेच काढून टाकल्याची समजूत असलेल्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हर अजून तेथे दिसला, तर वारंवार येणाऱ्या दुखण्याचे मूळ बहुधा तेथेच आहे.

तिसरी कसोटी सेफ मोडची. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर चढवते आणि बहुतेक अँटिव्हायरस त्यात कार्यरत नसतात. शिफ्टची कळ दाबून ठेवून रीस्टार्ट निवडावे, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन ४ दाबावे. विंडोज सुरूच होत नसेल, तर लोगो दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा निळा मेन्यू आपोआप येतो. संगणक सेफ मोडमध्ये तासभर सुरळीत चालला आणि नेहमीच्या मोडमध्ये आल्यावर लगेच अडखळला, तर हार्डवेअरवरील संशय कमी होतो, जरी ग्राफिक्ससारख्या इतर ड्रायव्हरवरचा संशय त्याने फिटत नाही.

या टप्प्यावर एक अडथळा येऊ शकतो आणि तो आधीच ठाऊक असावा. डिस्कवर बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजच्या डिस्क सांकेतिक करून ठेवणाऱ्या सोयीचे, कुलूप असेल, तर दुरुस्तीच्या मेन्यूतून पुढे जाताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न कळताच लागलेले असते. ती की बहुधा त्याच खात्यात साठवलेली सापडते, म्हणून मोबाइलवरून ते खाते उघडून पाहावे. संगणक धडधाकट असतानाच ती कागदावर लिहून कपाटात ठेवणे सर्वांत शहाणपणाचे. २०२४ च्या त्या प्रसंगात केवळ एक फाइल पुसायची असूनही दुरुस्ती रखडली, त्याचे एक मोठे कारण या किल्ल्या हाताशी नसणे हे होते.

हकनाक गुन्हेगार ठरलेली फाइल

प्रोग्राम नव्याने टाकायचा, चार दिवस वापरायचा आणि पुन्हा तो नाहीसा झालेला पाहायचा, हे चक्र थांबवण्यासाठी आधी ती फाइल खरोखर निर्दोष आहे का ते ठरवावे लागते. फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हा भाग पाहावा. स्वाक्षरी वैध असून ती प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचीच असेल तर ते अनुकूल लक्षण आहे. दुसरे मत व्हायरसटोटलवर मिळते. २०१२ पासून गूगलच्या मालकीची असलेली ही सेवा एकाच फाइलची डझनावारी अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासणी करून घेते. एक-दोन अनोळखी इंजिनांनीच बोट दाखवले असेल तर चूक त्यांची असण्याचा संभव अधिक. निम्म्यांनी दाखवले असेल तर हट्ट सोडून फाइल टाकून द्यावी. मात्र ग्राहकांचे हिशेब, ओळखपत्रे किंवा वैद्यकीय अहवाल असलेली कोणतीही फाइल तेथे चढवू नये, कारण चढवलेल्या फाइल सुरक्षा-क्षेत्रातील इतरांनाही उपलब्ध होऊ शकतात.

मराठीत काम करणाऱ्यांना हा ताप थोडा अधिकच होतो. युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकलेखनाचे प्रोग्राम प्रत्येक कळीचा दाब मध्येच अडवतात आणि त्याच्या जागी मराठी अक्षराचा सांकेतिक क्रमांक पाठवतात. पासवर्ड चोरणारा कीलॉगर नेमके हेच तंत्र वापरतो. प्रोग्रामच्या केवळ वर्तनावरून अंदाज बांधणाऱ्या अँटिव्हायरसला या दोघांतला फरक कळणे अवघड जाते, त्यातून त्या जुन्या प्रोग्रामवर डिजिटल स्वाक्षरी नसेल तर संशय आणखी बळावतो. छपाईच्या अनेक कार्यालयांत जुन्या मजकुरासाठी असे प्रोग्राम आजही लागतात, आणि त्यांचे बनवणारे आता कोणताही तक्रारअर्ज घेत नाहीत.

निर्दोषपणाची खात्री झाल्यावर फाइल क्वारंटाइनमधून रिस्टोअर करावी आणि लगोलग एक्सक्लूजनच्या, म्हणजे तपासणीतून सूट दिलेल्या फाइलच्या, यादीत घालावी. यातील दुसरे काम राहून गेले की पुढच्या स्कॅनला फाइल पुन्हा आत जाते. डिफेंडरमध्ये ही यादी व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये तळाशी आहे. सूट शक्यतो एकाच फाइलला, फार तर त्या प्रोग्रामच्या फोल्डरला द्यावी. कंटाळून संपूर्ण सी ड्राइव्हला किंवा डाउनलोड्सच्या फोल्डरला सूट देणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. त्यापेक्षा अँटिव्हायरस काढलेला बरा, निदान मालकाचा गैरसमज तरी राहत नाही.

विंडोजच्याच फाइल खाल्ल्या गेल्या असतील तर उपाय निराळा. संगणक नेहमीच्या मोडमध्ये सुरू होत असल्यास तेथेच, इंटरनेट जोडून, कमांड प्रॉम्प्टमधून आधी डी-आय-एस-एम हे साधन रिस्टोअरहेल्थ या पर्यायासह चालवावे आणि ते पूर्ण झाल्यावर एस-एफ-सी हे साधन स्कॅननाऊ या पर्यायासह. पहिले विंडोजच्या मूळ प्रतींचा साठा दुरुस्त करते, दुसरे त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइल बदलते. क्रम उलटा केल्यास दुसऱ्याला सदोष साठाच हाती लागतो. संगणक सुरूच होत नसेल तर दुरुस्तीच्या मेन्यूतील सिस्टिम रिस्टोअरने बिघाडाच्या आधीच्या तारखेला जावे. काही अँटिव्हायरसची स्वसंरक्षणाची सोय चालू विंडोजमधून केलेले सिस्टिम रिस्टोअर हाणून पाडते आणि प्रक्रिया शेवटच्या क्षणी अपयशी ठरते, म्हणूनही ते त्या मेन्यूतून केलेले चांगले.

संगणक नुसताच मंद असेल तर

येथे अँटिव्हायरसवर अन्याय होऊ नये. जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम असलेला संगणक विंडोज १० वर कोणत्याही अँटिव्हायरसशिवायही रखडतो, आणि त्यावर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणे हाच उपाय आहे. टास्क मॅनेजरमध्ये अँटिव्हायरसची प्रक्रिया सतत वर दिसत असेल तरच पुढे जावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर हे नेहमीचे कारण असते, कारण त्यात असंख्य लहान फाइल क्षणोक्षणी उघडल्या व मिटल्या जातात. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने सांगितले असेल तर तेवढ्या फोल्डरला सूट द्यावी. पूर्ण स्कॅनची वेळ जेवणाच्या सुट्टीत टाकावी. डिफेंडरचे नियोजित स्कॅन मुळातच प्रोसेसरचा सरासरी ५० टक्के वापर हे उद्दिष्ट धरून चालते आणि ती मर्यादा कमी करता येते. कधीकधी दोष खुद्द डिफेंडरचाच निघतो: फायरफॉक्स चालू असताना तो प्रोसेसर अवाजवी खातो अशी तक्रार २०१८ मध्ये नोंदवली गेली होती, आणि तिची दुरुस्ती व्हायला २०२३ उजाडले.

पूर्णपणे काढणे

वरील सर्व करूनही दुखणे परत आले, तर उत्पादन बदलावे. ते साध्या अनइन्स्टॉलने भागत नाही, कारण बऱ्याचदा फिल्टर ड्रायव्हर मागे राहतात, आणि ‘काढला तरी संगणक तसाच’ ही तक्रार यातूनच येते. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सेवा चालत नसल्याने नेहमीचे अनइन्स्टॉल तेथे अडते. म्हणून आधी नेहमीच्या मोडमध्ये अनइन्स्टॉल करावे, रीस्टार्ट करावे, आणि मग त्याच कंपनीने दिलेले रिमूव्हल टूल शक्यतो सेफ मोडमध्ये चालवावे. मॅकॅफी, नॉर्टन, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट आणि पुण्याची क्विक हील या सर्वांची अशी साधने आहेत. ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत. लायसन्स क्रमांक आधी लिहून ठेवावा. शेवटी पुन्हा एफ-एल-टी-एम-सी चालवून यादी तपासावी. काढल्यानंतर इंटरनेटच बंद झाले तर घाबरू नये: नेटवर्कच्या ॲडॉप्टरला चिकटलेला जुना फिल्टर हे त्याचे कारण असते आणि सेटिंग्जमधील नेटवर्क रीसेटने ते सहसा सुटते, फक्त वायफायचा पासवर्ड पुन्हा घालावा लागतो.

मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडू देणे हे सर्वांत वाईट. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधील दोषावर उपाय करणारे अपडेट आले, तेव्हा काही अँटिव्हायरस कर्नेलच्या स्मृतीत अमान्य पद्धतीने शिरत असल्याने त्या अपडेटनंतर संगणक निळे पडत होते. त्यामुळे अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, सुसंगततेची ठरावीक नोंद केल्याखेरीज मायक्रोसॉफ्टने पुढील काही महिने विंडोजची सुरक्षा-अपडेटच रोखून धरली. म्हणजे ज्यांचा अँटिव्हायरस जुना व बेवारस होता, त्यांच्या संगणकाला त्याच्यामुळेच संरक्षण मिळेनासे झाले.

घरी आणि लहान कार्यालयात विंडोजसोबत येणारा डिफेंडर, वेळेवर होणारी अपडेट आणि बाहेरच्या डिस्कवरील बॅकअप एवढे पुरेसे आहे, असे माझे मत आहे. डिफेंडरही चुकतो; १३ जानेवारी २०२३ रोजी त्याच्या एका डेफिनिशनने, विशिष्ट कडक नियम लागू केलेल्या कार्यालयीन संगणकांवरील स्टार्ट मेन्यूचे शॉर्टकट पुसून टाकले होते. परंतु विंडोज आणि अँटिव्हायरस एकाच घरचे असले की दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याचा प्रश्न उरत नाही. दुसरे उत्पादन काढल्यावर डिफेंडर आपोआप सुरू झाला आहे का, हे विंडोज सिक्युरिटीत स्वतः पाहावे आणि आयकार या ६८ अक्षरांच्या निरुपद्रवी चाचणी-फाइलने त्याची परीक्षा घ्यावी. फाइल उतरवताच ती अडवली गेली पाहिजे.

जुने उत्पादन ठेवायचेच असेल तर चुकीने पकडलेली फाइल कंपनीकडे ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणून अवश्य पाठवावी आणि सोबत अँटिव्हायरसने तिला दिलेले नाव, डेफिनिशनचा क्रमांक, पकडल्याची वेळ आणि विंडोजची आवृत्ती लिहावी. ‘तुमच्या सॉफ्टवेअरने माझा संगणक बिघडवला’ एवढ्याच मजकुराला बहुधा ठरावीक उत्तर येते. डेफिनिशनचा क्रमांक असलेली तक्रार मात्र प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते, आणि पुढच्या अपडेटमध्ये ती फाइल सुटते की नाही यावरून त्या कंपनीचे नूतनीकरण करायचे की नाही हेही ठरवता येते.